चार डोकी

तीस वर्षं तिने शाळेची व्हॅन चालवली. निघण्याआधी बोट नाचवत पोरं मोजायची, मगच किल्ली फिरवायची. घरातली माणसं कुठे निघाली तरी तेच: नवरा, सासूबाई, दीर, जाऊ. चार. झाले सगळे, चला! स्वतःला काय मोजायचं? मोजणारी तर समोरच उभी असते.

म्हणून निवृत्तीनंतर लांबच्या प्रवासाला स्वयंपाकघर, पलंग असलेली ती घराएवढी गाडी भाड्याने घ्यायचं ठरलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "स्टिअरिंग तुझ्याच हाती." बाईचे पाय महिनाभर जमिनीवर नव्हते.

पण सकाळी गाडी ताब्यात घेताना भावासमोर या गृहस्थांचा सूर बदलला. "एवढं धूड बायकांना झेपायचं नाही." जन्मभर खुर्ची उबवलेला माणूस, पहिल्याच वळणावर फाटकाच्या खांबाला गाडी घासली! दीर शेजारच्या सीटवर रस्ता दाखवायला. ही मागे, चहाच्या भांड्यांजवळ. तिला इतका राग आला, की तिने बोलणंच टाकलं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

दुपारी पेट्रोल पंपावर गाडी थांबली. ती पिण्याच्या पाण्याचा कॅन भरायला मागच्या नळावर गेली. परत येते तो काय, गाडी नाही!

मोबाइल आत चार्जिंगला. पंपावरच्या मुलीने आपला फोन दिला. नवऱ्याचा नंबर पाठ होता, पण हा महापुरुष अनोळखी नंबर उचलत नाही. मुलीने खुर्ची दिली. ती भरलेला कॅन पायाशी ठेवून बसली. दर गाडीला मान वर करायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आले एकदाचे. नवरा हसतच उतरला.

"अगं, मोजलं होतं मी! अगदी तुझ्यासारखं, बोट नाचवून. मला धरून चार झाले, निघालो!"

"मग कळलं कधी?"

जाऊ भोळी, बोलून गेली, "अहो ताई, चहा हवा होता ना. दोनदा हाक मारली, तर ओ नाही."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "चढ गं आता, माझे पाय आखडलेत."

ती चढली. पाण्याचा कॅन जागेवर ठेवला, मोबाइल काढला, आपली बॅग खांद्याला लावली. चहाच्या डब्यांच्या कपाटाची कडी उघडीच होती, ती लावली आणि खाली उतरली.

नवऱ्याचा चेहरा पडला. त्याने घाईघाईने किल्ली पुढे केली. "बरं बाई, तू चालव. घाट लागेपर्यंत तरी."

तिने किल्लीकडे पाहिलं. हात शिवशिवला, खोटं कशाला बोला. सकाळी दिली असती तर सगळ्यांना जगाच्या टोकाला नेऊन आणलं असतं तिने.

"तुमची मोजणी बरोबर होती," ती म्हणाली. "निघा. मला परतीची बस मिळेल."

बरीच समजूत घालून झाली, मग चिडणं झालं. "राहा मग!" म्हणून तो स्टिअरिंगवर बसला. गाडी हलली, तसं तिचं बोट आपोआप वर झालं. काचेतून दिसणारी डोकी तिने मोजली. सगळी होती.