मध्येच सांगितलेली वेळ

बाईंनी हेडफोन कानांवरून उतरवला, टेबलावर ठेवला आणि काचेपलीकडच्या निर्मातीला म्हणाल्या,

"तो माणूस अजून जिवंत आहे."

"हो मॅडम, म्हणूनच तर घाई आहे."

आपण काय बोललो ते निर्मातीला स्वतःलाच ऐकू गेलं असावं. ती उठून आत आली आणि बाईंसमोरचा माइक उगाचच बोटभर सरकवून पुन्हा होता तिथे ठेवू लागली.

"तसं नाही हो. सहा-सात मिनिटं बोललात तरी पुरे. टोले सर गेले की सकाळच्या कार्यक्रमाला ऐनवेळी कोणाला शोधत बसायचं? तुमचा आवाज फ्रीजमध्ये असलेला बरा."

फ्रीज हा शब्द बाईंचाच. नावाजलेल्या माणसाचं वय झालं, आजारपण लांबलं, की त्याच्याविषयी कोणाला तरी आधीच बोलतं करायचं आणि ती ध्वनिफीत कपाटात ठेवायची, ही रेडिओची जुनी रीत. त्या कपाटाला बाईंनी एकदा वैतागून फ्रीज म्हटलं, सगळे हसले आणि नाव चिकटलं. आता कपाट मोडीत गेलं, सगळं संगणकात गेलं, शब्द मात्र राहिला. आणि आज त्यात टोलेंना ठेवायची पाळी बाईंवरच आली.

एकूण सकाळच वाईट गेली होती. फाटकावरच्या माणसाने कोणाला भेटायचंय म्हणून विचारलं आणि गळ्यात 'पाहुणे' असं लिहिलेलं कार्ड अडकवलं. बावीस वर्षं ज्या इमारतीत त्या सूर्य उगवायच्या आधी शिरत होत्या, तिथे पाहुण्या! खुर्ची चाकांची होती, टेकायला गेलं की मागे पळायची. खाली गाडीत बसलेल्या मुलाचा फोन दर थोड्या वेळाने पर्समध्ये गुरगुरत होता. 'झालं का?' एवढंच विचारायचं असे त्याला. येताना त्याने सुचवलं होतं, की आलोच आहोत तर हॉस्पिटलात टोलेकाकांना बघून येऊ. बाई म्हणाल्या होत्या, "शुद्धीवर नाही म्हणतात. तिथे जाऊन काय करू, गप्प बसू?"

"काय बोलायचं मी?"

"काहीही. आठवणी. जरा जिव्हाळ्याचं. आई सांगते, तुम्हा दोघांचे आवाज ऐकल्याशिवाय आमच्या घरी दूध तापायचं नाही."

"उतू जायचं म्हण. हा मध्येमध्ये बोलायचा, लक्ष कुठून राहणार?"

निर्माती हसली आणि काचेपलीकडे गेली. लाल दिवा लागला.

"टोले यांच्याबरोबर मी बावीस वर्षं सकाळच्या बातम्या केल्या," बाई म्हणाल्या. आवाज अजून तसाच होता, खणखणीत. "ते वक्तशीर होते."

दिवा तसाच जळत राहिला.

"पुढे, मॅडम?"

"पुढे काही नाही. वक्तशीर होते."

टोले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. वेळ सांगायची खोड म्हणून पडलेलं नाव. बातम्या, बाजारभाव, बंद रस्ते, मग कोणाची तरी मुलाखत, असा कार्यक्रम चालायचा. वेळ सांगायच्या जागा ठरलेल्या होत्या. पण टोले कुठेही सांगायचे. एखादी बाई हरवलेल्या मुलाबद्दल बोलताना अडखळली, की टोले वेळ सांगून मोकळे. एखादा म्हातारा मास्तर आठवत बसला, की टोले वेळ सांगून मोकळे. बाईंच्या डोक्यात तिडीक उठायची. कार्यक्रम संपल्यावर त्या बोलायच्या, टोले कपातल्या चहाकडे बघत ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पण पुलाच्या दिवशी हद्द झाली. नव्या पुलाला तडा गेला होता. इंजिनिअरांनी ते आधीच वर कळवलं होतं, असं बाईंना खात्रीच्या माणसाकडून समजलं होतं. मंत्रिमहोदय समोर बसलेले. बाईंनी विचारलं, "तड्याबद्दल तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?" मंत्र्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कपाळावर घाम आला. बाई थांबल्या. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर तो माणूस बोलला असता, हे त्यांना आजही छातीठोकपणे सांगता आलं असतं. तेवढ्यात डावीकडून टोले म्हणाले, "सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत."

मंत्र्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि सरकारच्या इतर कामांबद्दल बोलायला लागले. ते उत्तर पुढे कोणालाच मिळालं नाही. टोलेंना मात्र दोन महिन्यांनी बढती मिळाली. बाईंनी त्यानंतर टोलेंशी बोलणं सोडलं नाही. माइकवर सोडता येत नव्हतं. माइक बंद झाल्यावर मात्र सोडलं.

"असं करू," निर्माती म्हणाली. "सरांचा जुना एखादा तुकडा ऐकवते. आवाज कानावर पडला की सुचेल."

बाईंनी नाइलाजाने हेडफोन चढवला. काचेपलीकडे निर्मातीने यादीतून काहीतरी निवडलं. आधी बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. तेवढ्यावरूनच बाईंच्या कपाळावर आठी पडली.

"आपल्या सर्वांच्या बाई गेल्या," टोलेंचा आवाज म्हणाला.

निर्माती ताडकन उठली. "अय्यो, मॅडम, सॉरी, चुकून... ही तुमची..."

"थांबवू नकोस."

"मॅडम, तुमचं ऑपरेशन झालं होतं ना, तेव्हा कोणीतरी..."

"कळलं मला. चालू दे."

त्या ऑपरेशननंतर टोले हॉस्पिटलात भेटायला आले होते. खुर्चीच्या कडेवर बसून सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. जायची घाई तरी किती, असं बाईंच्या मनात आलं होतं.

"...हे म्हणताना कसंतरीच होतंय," टोले बोलत होते. "त्या तिकडे डॉक्टरांचीच उलटतपासणी घेत असतील. असो. पुलाच्या दिवसापासून बाईंचा माझ्यावर राग आहे. त्यांना वाटतं, मी मंत्र्याला वाचवलं. अहो, तेवढी अक्कल असती तर काय हवं होतं! मला शांतता सोसायची नाही. समोरचा गप्प झाला की माझ्या पोटात गोळा यायचा. वाटायचं, घराघरांतले रेडिओ बंद पडले. मग समोर दिसेल ते बोलायचो. समोर घड्याळ असायचं. बाईंचं तसं नव्हतं. त्यांना थांबता यायचं. समोरच्याला गप्प बसू द्यायच्या. त्यांच्याइतकं चांगलं थांबणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. हे त्यांना सांगायचं राहिलं. चार-पाचदा सांगायला गेलो. पण त्या गप्प बसायच्या, आणि मग मी वेळ सांगायचो."

बाईंचा जबडा सवयीने आवळला गेला. आता सांगणार. आता, वाक्य संपलं रे संपलं, की सांगणार.

टोले काही बोलले नाहीत. हेडफोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. लांब कुठेतरी दार लागलं. कप बशीवर किंचित वाजला आणि पुन्हा स्थिर झाला. इतका वेळ टोले गप्प राहिल्याचं बाईंना एकदाही आठवेना.

"संपलं, मॅडम," निर्माती हळूच म्हणाली. "पुढचा भाग रिकामाच आहे. कापायचा राहिलेला दिसतो."

"रिकामा नाही तो. हात लावू नकोस त्याला."

बाईंनी पळणारी खुर्ची पुढे ओढली. पर्समध्ये फोन गुरगुरला, त्यांनी पर्स जमिनीवर ठेवली आणि काचेकडे बघून मान हलवली. लाल दिवा लागला.

"टोलेंची खुर्ची माझ्या डाव्या हाताला होती," त्या म्हणाल्या. "मला त्यांचा रोज राग यायचा. माझा घसा बसला की माझ्या बातम्या तेच वाचायचे, आणि माझ्यापेक्षा बऱ्या वाचायचे, त्याचाही यायचा. सुट्टीच्या दिवशी मी घरी रेडिओ लावून बसायचे, आज तरी यांची वेळ चुकते का बघायला. कधी चुकली नाही. घरी सगळे म्हणायचे, सुट्टी आहे तर झोप की. पण ते बोलेपर्यंत मला..."

पुढचं वाक्य येईना. बाई थांबल्या. थांबणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. मंत्री, अधिकारी, नट, कोणासमोरही त्या थांबल्या होत्या. पण आज डावीकडे कोणी नव्हतं. शांतता वाढत चालली, खोलीभर झाली, आणि बाईंच्या पोटात काहीतरी घट्ट गोळा होऊन वर आलं. त्यांची नजर समोर गेली. समोर घड्याळ होतं.

त्यांनी वेळ सांगितली. तास, मिनिटं, सगळी स्पष्ट.

दिवा विझला. निर्माती दारात आली.

"फार छान झालं, मॅडम. शेवटची वेळ तेवढी कापते. हे कधी लागेल, कोणाला माहीत."

फ्रीजसाठी बोलताना दिवस सांगायचा नाही, हवा सांगायची नाही, वेळ तर मुळीच सांगायची नाही. नव्या आलेल्या प्रत्येकाकडून हा नियम बाईंनीच घोकून घेतला होता.

"राहू दे ती," त्या म्हणाल्या.

"पण चुकीची ठरेल ना."

"ठरू दे."

फाटकावर त्यांनी कार्ड परत केलं. मुलाने गाडीचं दार आतून उघडलं.

"किती वेळ, आई! काय बोललीस एवढं?"

"वेळ सांगितली."

"एवढंच?"

बाईंनी पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. "गाडी हॉस्पिटलकडे घे."

"आत्ता? अगं, तूच म्हणालीस ना, ते शुद्धीवर नाहीत. एक शब्द बोलायचे नाहीत."

"नाही तर नाही," बाई म्हणाल्या. "मी थांबेन."