दूधमाईची लाल वाटी

इथं परदेशात, आमच्या इमारतीतल्या कपडे धुण्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मशिनी बंद, इमारतीतल्या आमच्या देशाकडच्या सगळ्या बायका जमलेल्या, आणि मधोमध दूधमाई, बाळंतिणींच्या दुधातला दोष काढणारी. वाटीतल्या दुधात तिनं हळद टाकली, बोटानं ढवळली आणि दूध लालभडक झालं!

"बघा, दोष वर आला!"

"अगं बाई!" करत बायका मागे सरल्या.

दूध होतं तिसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवालीचं. बाळ तीन आठवड्यांचं. तिला एचआयव्ही आहे, हे इमारतीत नवऱ्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं; मी तिच्या दवाखान्यात नर्स. अंगावरच्या दुधातून बाळाला लागण होऊ नये म्हणून डॉक्टरांशी बोलून तिनं बाटली ठरवली होती. पण आमच्यात बाळ दिसलं की पहिला प्रश्न, "अंगावर पितंय ना?" बिचारी घाबरून म्हणाली, "दूध नासलंय." झालं! ते सुधारायला बायकांनी माईच आणून बसवली.

माईनं दुसरा हात आपल्या तांब्यातल्या तीर्थात बुडवला, काहीबाही पुटपुटली, ढवळलं. वाटी पुन्हा पिवळी.

"शुद्ध! रक्तसुद्धा धुतलं मी. गोळ्याबिळ्या घेत असशील तर फेकून दे. पाज लेकराला!"

"ऐकलंस ना? पाज आता!" मोबाइलवरून तिच्या गावाकडच्या सासूबाई ओरडल्या.

शिलाईवालीचा हात खरंच बटणाकडे गेला. तिच्या डोळ्यांत आशा होती.

"थांब!" माझं डोकं तडकलं होतं. बाटलीतलं डब्याचं दूध दुसऱ्या वाटीत ओतलं, माईचीच हळद टाकली. फळीवरचा धुण्याचा सोडा ओल्या बोटाला लावून ढवळलं. लाल! मग तीर्थ ओतलं. पिवळं!

"डब्यालाही दोष लागला का हो, माई?"

शेजारणीनं तीर्थ चाखलं. "अय्या, हे तर लिंबूपाणी!"

"माझी थट्टा? भोगशील!" माई माझ्यावर कडाडली.

"भोगीन. आधी हात स्वच्छ धुवा आणि मग वाटी लाल करून दाखवा."

माई पिशवी आवरायला लागली.

"सोड्यानं हळद लाल होते, लिंबानं पिवळी," मी म्हणाले. "रक्तात काय आहे ते वाटीला कळत नाही, तपासणीत कळतं. डॉक्टरांच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून सोडायच्या नाहीत."

"मग ही पाजत का नाही? आई आहे ना?" सासूबाईंचा आवाज.

मी शिलाईवालीकडे पाहिलं. सांगायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं.

शिलाईवालीनं बाळाला उचललं आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर त्याच्या तोंडात बाटली दिली.

"पाजतेय की, आई. डॉक्टरांना विचारून पाजतेय. वजन वाढलंय त्याचं, बघा." तिनं मोबाइल बाळाकडे वळवला.

बायांनो, बाळ दिसलं की कुठलं दूध पितंय ते विचारू नका. पोट भरलं का, एवढंच विचारा.