उंची जाऊ दे

काळ्या ढगाला लांबून वळसा घालून झाला होता. समोर निळंशार आभाळ, आणि मागून फोनवर मोठी ताई, म्हणजे विमानातली सगळ्यात जुनी हवाई परिचारिका, हसत होती.

"तुझं गठुडं पट्ट्यात राहायला तयार नाही. बाप त्याला खांद्यावर टाकून तुमच्या दाराशी झुलवतोय."

"बसव त्यांना," सहवैमानिक म्हणाली. बाळंतपणानंतरची ही तिची पहिली फेरी. नवरा हौसेनं पोराला घेऊन पहिल्या रांगेत आला होता. "ताई, आत्ताच्या आत्ता..."

विमानाला खालून लाथ बसली. गरम कॉफी कॅप्टनच्या मानेवर सांडली. पट्टे खांद्यांत रुतले, ऑटोपायलट कर्कश ओरडून सुटला. दारामागं काहीतरी जड छतावर आदळलं, मग जमिनीवर, मग पुन्हा छतावर. एक किंकाळी अर्ध्यातच तुटली.

मग पायाखालची हवाच गेली. उंचीचे आकडे सरसर उतरायला लागले. तिनं सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी ओढला.

"ओढू नकोस," कॅप्टन म्हणाले.

"सर, पडतोय आपण."

"पडू दे. उंची जाऊ दे. पंख तेवढे सरळ ठेव."

पण ओढून झालं होतं. खालून दुसरा तडाखा आला, त्यात तिच्या ओढण्याची भर पडली. विमानाचं नाक आभाळाकडे गेलं, वेग घसरला आणि दांडा मुठीत थडथडायला लागला. हवा पंखांना सोडून देणार, याचा तो इशारा.

नाक झटक्यानं खाली दाबलं, तर मागं उभा असलेला माणूस खांद्यावरच्या पोरासकट छताला आदळणार. नाही दाबलं, तर सगळेच जाणार.

तिनं मूठ सैल केली. झोपलेल्या पोराची मान गादीवर टेकवावी, तसं नाक हळूहळू खाली आणलं. वारा दणके देत राहिला. तिची मान हिसकली, जीभ दातांत सापडली, तोंडात रक्त आलं. तिनं उंचीकडे बघितलंच नाही.

थडथड थांबली. दणके विरळ झाले.

फोनवर ताईला धाप लागली होती. "ट्रॉली उडाली. आपल्या धाकट्या परिचारिकेचा हात मोडलाय. एका आजोबांचं डोकं फुटलंय."

तिनं तोंडातलं रक्त गिळलं. कॅप्टननीच विचारलं, "आणि हिचं गठुडं?"

"बाप त्याच्यावर पालथा पडलाय. पाठ चांगलीच सोलली त्याची. शुद्धीवर आहे, पण पोराला सोडेना."

"अन् पोर?" तिनं विचारलं.

"ऐक की तूच," म्हणत ताईनं फोन तिकडे धरला.

गळा फाडून रडणं कानात घुसलं. कचकचून आवळलेल्या पट्ट्याखाली पान्हा फुटला, शर्ट भिजत गेला.

"मी घेतो विमान. जाऊन येतेस?"

"पट्ट्याचा दिवा लागलेला आहे, सर," ती म्हणाली, आणि तिनं पंख सरळ धरून ठेवले.