भावाच्या बोअरचं पाणी

“आता काय, हे पाणीही चुकीचं आहे म्हणायला आलीस?”

दादा दारात उभा होता. आत ये म्हणाला नाही, की जा म्हणाला नाही. बहिणीच्या खांद्याला भूजल कार्यालयाची पिशवी होती आणि हातात त्याच्या बोअरच्या पाण्याच्या तपासणीचा कागद. कागद टपालाने धाडता आला असता. साहेब तसं म्हणालेही होते. पण तिचं मन मानेना.

सात वर्षांपूर्वी दादानेच तिला बोलावलं होतं. घरात भूवैज्ञानिक असताना दुसऱ्या कुणाला कशाला विचारायचं, असं चारचौघांत ऐटीत सांगितलं होतं. तिने तीन दिवस उन्हात यंत्र लावून जमीन मोजली, उघडे पडलेले खडक ठोकून पाहिले आणि म्हणाली, “दादा, खाली अखंड कातळ आहे. पाणी लागायचं नाही. उगाच खर्चात पडू नकोस.”

दादाने महिनाभरात बोअर मारलीच. तीनशे वीस फुटांवर एक भेग लागली आणि पाणी छपरापर्यंत उडालं.

गल्लीभर तिचं हसं झालं. वडील तेव्हा होते. तेही म्हणाले, “एवढं शिकलीस, आणि आपल्याच पायाखालचं कळलं नाही तुला.” तिला मात्र खरोखर आनंद झाला होता. चुकले, बरं झालं चुकले, असं ती मनापासून म्हणाली. कुणाला ते खरं वाटलं नाही. दादाने कुंपणाबाहेर सगळ्या गल्लीसाठी नळ काढून दिला आणि पाणी भरायला येईल त्याला बहिणीचा किस्सा ऐकवू लागला. आधी चेष्टा होती, मग टोमणे झाले. वडील गेल्यावर तिने येणं सोडलं. का येत नाहीस, असं विचारायला फोनही आला नाही. भाड्याच्या खोलीत सुट्टीचा अख्खा दिवस तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. संध्याकाळी दुकानदाराशी बोलताना स्वतःचाच आवाज तिला परका वाटायचा.

“चुकीचं नाही, वाईट आहे,” ती म्हणाली. “फ्लोराइड आहे यात. चालतं त्याच्या तिप्पट. खोल दगडात वर्षानुवर्षं साचलेलं पाणी आहे हे. दगडातलं सगळं त्यात उतरलंय.”

“सात वर्षं पितोय आम्ही. मेलं का कुणी?”

“असं मरत नाही कुणी. आधी दात खराब होतात, मग हाडं.”

“तू मला पहिल्यापासून पाण्यात बघतेस,” दादा म्हणाला.

तेवढ्यात धाकट्या मुलाला कडेवर घेऊन वहिनी आली. तिच्या मागून आठ वर्षांची पुतणी डोकावली.

“आई, कोण गं या?”

“आत्या आहे तुझी.”

पोर हसली, आणि हसता हसता तोंडावर हात धरला. आत्या खाली वाकली. “हात काढ बरं जरा.”

समोरचे दात खडूसारखे पांढरे पडले होते आणि त्यांवर तपकिरी पट्टे होते.

“नीट घासत नाही ती,” दादा म्हणाला. “रोज ओरडतो मी.”

“घासते,” वहिनी हळूच म्हणाली. “शाळेत चिडवतात म्हणून रक्त येईस्तोवर घासते. तुम्हाला सांगितलं नाही मी.”

दादा लेकीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, “डाग जातील?”

“आलेल्या दातांचे नाही जायचे. हाडं वाचतील. धाकट्याचे दात वाचतील.”

तो बहिणीच्या बाजूने नळाशी गेला. तिथे दोघीजणी बादल्या भरत होत्या. “आजपासून हे पाणी प्यायचं नाही. धुण्याभांड्यालाच न्या,” तो म्हणाला. “बहिणीने तपासलंय.”

“तीच ना, इथे पाणीच नाही म्हणाली होती ती?” त्यातली एक हसून म्हणाली.

दादा हसला नाही.

नियमाप्रमाणे बहिणीने पिशवीतून रंगाची डबी काढून, पाणी पिण्यालायक नाही याची खूण म्हणून नळाला लाल पट्टा ओढला. दादा शेजारी उभा होता.

“तेव्हा म्हणालीस, पाणी नाही. आज म्हणतेस, पिऊ नका,” तो म्हणाला. “कधीतरी काही बरं घेऊन येत जा.”

हे बोलावणं होतं की आणखी एक टोमणा, तिला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. वहिनी सवयीने तिच्यासाठी पेला भरून घेऊन आली, उंबऱ्यावर थबकली आणि तशीच उभी राहिली. दादाने तिच्या हातातून पेला घेतला, झाडाच्या बुंध्याशी ओतला, दोन रिकाम्या घागरी उचलल्या आणि चालू पडला.

गल्लीच्या टोकाला जुनी, उथळ विहीर होती. नळाची बातमी गल्लीभर पोचली होती; एसटीच्या थांब्याकडे जाताना बहिणीला विहिरीवर रांग दिसली. सगळ्यात शेवटी दादा उभा होता. कुणीतरी त्याला पुढे व्हायला सांगितलं. त्याने मान हलवून नको म्हटलं. ती क्षणभर थांबली. त्याने वर पाहिलं असतं तर ती गेली असती, एक घागर घेतली असती. त्याने पाहिलं नाही. रांग एका माणसाने पुढे सरकली, त्याने घागरी उचलून पाऊलभर पुढे ठेवल्या, आणि ती रस्त्याला लागली.