यंत्राचा हात

झ्युटफेन गावच्या बुद्धिबळ मंडळाचा चिटणीस लुबर्ट होइटेमा याने बावीस वर्षांत एकच गोष्ट मनापासून मागितली होती, आणि ती आता एका खुर्चीशी येऊन अडली होती.

ग्रँडमास्टर रुटगर डालमायर विरुद्ध डेल्फ्टच्या विद्यापीठातला संगणक, असा सामना लुबर्टने दीड वर्ष पत्रे लिहून झ्युटफेनला मिळवला होता. तारीख ठरली, सभागृह ठरले. पण संगणकाला हात नसतात. पडद्यावर उमटलेली चाल पटावर खेळायला डालमायरसमोर कोणीतरी बसायला हवे. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत त्या माणसाचे नाव दोन्ही बाजूंनी मान्य केले नाही, तर सामना आर्नेमला जाणार होता. तिथले मंडळ टपूनच बसले होते.

"अडाणी माणूस समोर बसवू नका," डालमायरने फोनवर बजावले. "मागे एक इंजिनिअर बसवला होता. घोडा दोन घरांच्या मध्ये ठेवायचा, उंट पाडायचा आणि वर माझीच माफी मागायचा. डोकं उठलं माझं! मला खेळाडूच हवा."

संगणकाचा कर्ता मेनो क्रूझे याचे म्हणणे नेमके उलटे. "खेळाडू अजिबात नको, होइटेमासाहेब. आमच्या यंत्राने चूक केली की खेळाडूच्या कपाळाला आठी पडते. डालमायर पट कुठे बघतो? तो समोरचा चेहरा वाचतो! गेल्या खेपेला आमचा हत्ती असाच गेला."

दोघांचेही खरे होते, हीच पंचाईत. लुबर्टने तीन दिवस सायकलवरून गाव पालथे घातले. औषधवाल्याचा हात हलका होता, पण त्याचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी. चर्चमधल्या ऑर्गनवादकाला खेळ येत नव्हता, पण तो सोंगटी उचलली की गुणगुणायचा. मंडळात थट्टा सुरू झाली. "लुबर्ट, तूच बस की! तुला बघून डालमायरला झोप येईल." लुबर्ट हसला आणि यादीतले आणखी एक नाव खोडून निघाला. आपल्याला हे झेपणार नाही, असे त्याला रोज सकाळी वाटे. तरी सायकल बाहेर काढायचे त्याने सोडले नाही.

गुरुवारी दुपारी तो मंडळ जिथे जमे त्या कॅफेच्या वरच्या खोलीत आला, तेव्हा आल्त्येबाई संध्याकाळसाठी पट मांडत होत्या. मंडळाच्या जुन्या खजिनदाराच्या त्या विधवा. पट मांडणे आणि कॉफी देणे ही दोन्ही कामे त्या एकतीस वर्षे करत होत्या. लुबर्ट त्यांच्या हाताकडे बघत राहिला. प्रत्येक सोंगटी घराच्या मधोमध उतरत होती, आणि आवाज नाही.

"बाई, तुम्हाला बुद्धिबळ येत नाही ना?"

"कोण म्हणतं?"

"म्हणजे... येतं?"

"तुम्ही लोक हरल्यावर अर्धा अर्धा तास तोंडाने तोच डाव पुन्हा खेळता. एकतीस वर्षं ऐकल्यावर दगडालाही येईल."

"कधी बोलला नाहीत!"

"कधी विचारलंत?"

लुबर्टचा चेहरा उतरला. "मेनोला जर सांगितलं, की तुम्हाला येत नाही..."

"मी खोटं बोलणार नाही. आणि तुम्हालाही जमायचं नाही, चिटणीससाहेब. तुमचे कान लाल होतात." बाईंनी शेवटचे प्यादे ठेवले. "मागच्या महिन्यात तुम्ही वजीर फुकट घालवलात. मी शेजारी उभी होते. माझ्या तोंडावर काही दिसलं?"

लुबर्टने आठवून पाहिले. "तुम्ही साखर किती, ते विचारलंत."

"मग झालं तर."

शुक्रवारी पहिल्या गाडीने त्याने बाईंना डेल्फ्टला नेले आणि मेनोसमोर उभे केले. "यांना खेळता येतं," दम लागलेला असतानाच तो म्हणाला, "तरीही याच बसतील. हवी तशी परीक्षा घ्या."

मेनो चकित झाला. पण पट मांडून स्वतःच समोर बसला. बाई पडद्यावरच्या चाली खेळू लागल्या. सातवी चाल मेनोने मुद्दाम घुसडली होती. हत्ती सरळ उंटाच्या तोंडी जात होता. बाईंनी हत्ती उचलला, घराच्या मधोमध ठेवला, घड्याळ दाबले आणि हात मांडीवर घेतले. मेनो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"कशी वाटली चाल?" शेवटी त्याने विचारले.

"हाताला विचारायचं असतं का?"

मेनो खो खो हसला आणि त्याने फोन पुढे केला. साडेअकरा वाजून गेले होते. डालमायरने लुबर्टकडून सगळे ऐकून घेतले.

"खेळता येतं त्यांना?"

"येतं. सोंगट्या तुम्हाला हव्या तशाच ठेवतात."

"आणि चेहऱ्यावर काहीच दिसत नाही?"

"काहीच नाही."

"अहो, मग मी वाचायचं काय?"

एरवी लुबर्टने इथे माफी मागितली असती.

"पट," तो म्हणाला.

बाई कोटाची बटणे लावत होत्या.

"लिहा नाव," डालमायर म्हणाला.

लुबर्टने मान्यतेचा कागद मेनोच्या टेबलावर सपाट केला आणि नाव सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले. बाराला दहा मिनिटे होती.