पानं खाली आली तेव्हा

सात फेरे पुरे होईतो भवतोषबाबूंची कंबर पार कामातून गेली. छप्पन्नाव्या वर्षी भाचीला पाटावर बसवून, तो पाट उचलून नवरदेवाभोवती फिरायचं म्हणजे पोरखेळ नव्हे. बाकीचे तिघे तिचे तरणेताठे चुलतभाऊ. पण दिदीने बजावलं होतं, "मागचा कोपरा तूच धर. आणि अहोनाने डोळ्यांवरची पानं खाली घेतली की चेहरा कसा होता, ते मला येऊन सांग."

दिदी आतल्या खोलीत दार लावून बसली होती. आईने मुलीचं लग्न बघायचं नसतं; बंगालातल्या या कृष्णनगरात अजूनही बघत नाहीत.

मागून चेहरा दिसणार कसा? भवतोषबाबूंनी एका हाताने पाट सावरत दुसऱ्या हाताने फोन अंदाजाने उंच धरला. शंख वाजले, बायकांच्या उलूउलूने मांडव दणाणला आणि अहोनाने डोळ्यांवरची विड्याची पानं खाली घेतली.

"थांबा, थांबा!" कॅमेरावाला पल्लव ओरडला. "मध्ये सगळ्यांचे फोन आडवे आले. पानं पुन्हा वर! आणि ताई, आता जरा हसून."

"अरे, पहिली नजर काय चारदा होते?" भवतोषबाबू करवादले.

"आजकाल होते, मामा. पाट मात्र खाली नका घेऊ!"

आणि खरंच चारदा झाली. दिदीच्या लग्नात एकदाच फ्लॅश उडाला होता. डोळे मिटलेले आले, तरी तोच फोटो तीस वर्षं भिंतीवर आहे. कुणाला त्यात काही खटकलं नाही.

विधी उरकल्यावर ते भिंतीला धरत धरत आत गेले. तोवर पोरांनी दिदीच्या फोनवर दोनशे फोटो धाडले होते. ती कंटाळून ते सरकवत होती.

"हे पाहुण्यांपुढचं हसू आहे रे. पहिल्या वेळचं दाखव."

भवतोषबाबूंनी आपल्या फोनवरचा व्हिडिओ लावला. पडद्यावर त्यांचाच घामेजलेला, तोंड वासलेला चेहरा. कॅमेरा उलटा लागला होता. एवढं एकच काम सांगितलं होतं आणि तेही धड जमलं नाही. त्यांना रडू आलं.

"बंद करू नकोस," दिदी म्हणाली.

तिने तेच पुन्हा लावलं, मग फोन कानाशी धरला. उलूउलू थांबताना मध्येच काहीतरी बारीकसं ऐकू येत होतं.

"हसली नाही ती. आवंढा गिळला. शाळेच्या फाटकात सोडून निघाले ना, की अस्सा गिळायची."

भवतोषबाबू जमिनीवरच टेकले. कंबर ठणकत होती. दिदीने तिसऱ्यांदा लावलं.

"दे आता, दिदी."

तिने दिला नाही.