पेंढ्याच्या माणसाचा प्रश्न

ऑर्फा टिलमनबाईंनी आमच्या ओहायोतल्या गावात बसून हॅलोविनवर, ऑक्टोबरअखेरच्या भुताखेतांच्या सणावर, एकच कादंबरी लिहिली. त्यात पेंढ्याचा माणूस तिन्हीसांजेला एका घराचं दार ठोठावतो आणि विचारतो, "माझ्यासोबत कोण येतंय?" घरातलं कुणीच तोंड उघडत नाही. तो निघून जातो.

रेडिओवाल्यांना ती शांतता सोसवली नाही. त्यांनी घरातल्या बापाच्या तोंडी वाक्य घातलं, "मी येतो." ते बोलणारा नट पहिलं बर्फ पडायच्या आत गेला. मग कार्टून आलं, त्यातही तेच वाक्य. त्या बापाला आवाज देणारा गृहस्थ गाडीसकट तळ्यात सापडला. लोक म्हणाले, योगायोग.

यंदा आमच्या नाटकमंडळीनं ती कादंबरी उचलली. दिग्दर्शक ड्वाइट, पेंढ्याचा माणूसही तोच. बापाचं काम, रेडिओवाल्यांच्या त्या वाक्यासकट, माझ्या नवऱ्याकडे, रसकडे. मी कपडेपट सांभाळत होते. तालमीला टिलमनबाई काठी टेकत आल्या. ड्वाइट त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"ते वाक्य काढ, ड्वाइट."

"बाई, टाळ्या तिथेच तर पडणार! शांतता ऐकायला कुणी तिकीट काढतं का?"

"माझा भाऊ बोलला होता तसं. थट्टेत. दारात कोण उभंय, हेही न बघता. त्याचा बूटसुद्धा मिळाला नाही आम्हाला. म्हणून मी पुस्तकात कुणाला बोलू दिलं नाही."

"शाळेतही अशीच भीती घालायचात तुम्ही," ड्वाइट हसला.

घरी मी रसला म्हटलं, "तू आपला गप्प राहा तिथे."

"अगं, दोन शब्दांनी मरतं का कुणी? आणि मेलोच, तर सुटलीस की!"

मला हसू आलं नाही.

प्रयोग दुपारचा होता. विंगेत मी ड्वाइटच्या मुखवट्याची नाडी बांधत होते. तेवढ्यात रंगमंचावरच्या दारावर थापा पडल्या. ड्वाइटचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते.

"माझ्यासोबत कोण येतंय?"

पाचोळा तुडवल्यासारखा कोरडा आवाज. रसनं तोंड उघडलं.

"मी येते." पहिल्या रांगेत टिलमनबाई उभ्या राहिल्या होत्या. "त्याला राहू दे."

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. रसनं दार उघडलं, बाहेर कुणी नव्हतं. बाई कोट सावरून खाली बसल्या.

नंतर मी रडतच विचारलं, "का बोललात, बाई?"

"तुमची लेकरं लहान आहेत. आणि माझा भाऊ फार वर्षं एकटा आहे गं तिकडे."

बर्फ पडायच्या आदल्या दिवशी शेजारणीला त्यांचं दार सताड उघडं दिसलं. टेबलावरचा चहा अजून गरम होता. काठी खुर्चीला टेकलेली. बाई कुठेच नव्हत्या.

ड्वाइटनं ते वाक्य खोडलं. आता गावात सिनेमावाले आलेत. त्यांना ड्वाइटनं सगळं सांगितलं, हात जोडले. त्यांनी मन लावून ऐकलं. ते वाक्य त्यांना फारच आवडलंय. बापाच्या कामासाठी नट शोधताहेत.